खाणीत चालणाऱ्या बीएस-६ टिपरचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सारखा चोक होतो. मेकॅनिक म्हणतो काढून टाका. काय करावं?

काढू नका. वणीकडे ओबीच्या (कोळशावरची माती-दगड काढण्याच्या) कामावर लागलेली गाडी, दर दोन-तीन दिवसांनी पेटणारा डीपीएफचा दिवा आणि मग गायब होणारा पिकअप, एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावरून फिल्टर खराब झालाय असं मला वाटत नाही. तुमच्या कामात त्याला स्वतःला साफ करायला सवडच मिळत नाहीये. चंद्रपूर-वणी पट्ट्यात टिपरांची देखभाल हेच माझं काम आहे आणि ही तक्रार रोजचीच आहे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या डब्यातली सिरॅमिकची बारीक जाळी. धूर तिच्या भिंतींतून गाळून बाहेर जातो, काजळी आत अडकते आणि ती तिथेच जाळावी लागते. हायवेवर लोड घेऊन गाडी पळाली की धूर तापलेला असतो, बरीचशी काजळी आपोआप जळते. उरलेलीसाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा डिझेल सोडून फिल्टर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतो. हेच रिजनरेशन, थोडक्यात रिजन. खाणीत काय होतं? माल भरणाऱ्या शॉवेलखाली रांगेत इंजिन चालूच, छोटी खेप, डंपवर बॉडी उचलायची, रिकामी गाडी उतारानं परत. नुसत्या आयडलिंगवर धूर दीडशे अंशांच्या आसपासच रेंगाळतो. रिजन सुरू होतं न होतं तोच गाडी पुन्हा रांगेत लागते आणि ते अर्धवट सुटतं.

म्हणून आधी डॅशबोर्डवरचं रिजन बंद ठेवण्याचं बटण बघा. कोळशाजवळ आगीच्या भीतीनं ड्रायव्हर ते दाबतात, आणि त्यांची भीती रास्तच आहे. पण फेसवरून (जिथे कोळसा खणतात तिथून) बाहेर आल्यावर ते सोडायचं राहून जातं. मग शिफ्ट बदलताना, दिवा पहिल्या पायरीवर असतानाच, गाडी उभी करून पूर्ण रिजन करा. साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. जागा मोकळ्या मुरमाची हवी. कोळशाचा स्टॉक, वाळलेलं गवत, डिझेलचा बाउजर (टँकर) यांच्या आसपास अजिबात नको. सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या डब्यावर आणि चॅसीच्या कोपऱ्यांत साचलेली कोळशाची भुकटी साफ करून घ्या. ती तशीच राहिली तर तिथेच धुमसते. आणि उन्हाळ्यात गाडीच्या सावलीला कुणी आडवं झालेलं नाही ना, हे वाकून बघा. आपल्याकडे हेल्पर तिथेच झोपतात, आणि पाइपातून त्या वेळी निघणारी हवा माणसाला भाजते.

पूर्ण रिजन होऊनही त्याच दिवशी दिवा परत आला, तर दोष फिल्टरच्या अलीकडे शोधा. फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या हादऱ्यानं तडकतात किंवा चिखलानं बुजतात, आणि ईसीयूला खोटा आकडा जातो. मग गळका इंजेक्टर, टर्बोतून जाणारं ऑइल, धुळीनं भरलेला एअर फिल्टर. डिपस्टिक रोज काढा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि बोटाला डिझेलचा वास आला, तर अर्धवट रिजनचं डिझेल खाली उतरतंय. ते ऑइल लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातील.

राखेचं गणित वेगळं आहे. काजळी जळते, राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून. बीएस-६ला सीके-४ सारखं कमी राखेचं ऑइल लागतं, त्यात राखेची मर्यादा १ टक्का आहे. वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्यांसाठी ठेवलेल्या बॅरलमधून टॉप-अप होत असेल तर ते आजच थांबवा. डिझेलही पंपाचंच हवं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असतं, स्वस्तात मिळणाऱ्या बिनपावतीच्या इंधनाची काही खात्री नाही. सर्व्हिस किलोमीटरवर नको, इंजिनाच्या तासांवर धरा. खाणीत किलोमीटर वाढत नाहीत, तास मात्र वाढतच असतात.

राखेनं भरलेली जाळी प्रेशर वॉशरनं किंवा अ‍ॅसिडनं धुऊ देऊ नका, आतला लेप जातो. भट्टीत तापवून उलट्या दिशेनं हवा मारणारं मशीन असेल तिथेच द्या.

आता काढण्याबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलल्यावर पुढे खरा बिघाड सापडणंही अवघड होतं. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, आणि त्यामागच्या पुराव्यात खाण कामगारांवरचा अभ्यास महत्त्वाचा होता. हिवाळ्यात सकाळी खोल खाणीत धूर वर जात नाही. तो शॉवेलवाला, सिग्नलवाला आणि तुमचाच ड्रायव्हर आठ तास ओढतो. आजच्या पिकअपसाठी त्यांच्या छातीवर तो भार टाकणं मला मान्य नाही.

सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावायला सांगा आणि तीन आकडे लिहून घ्या: काजळीचा लोड, राखेचा लोड, आणि शेवटचं पूर्ण रिजन इंजिनाच्या किती तासांपूर्वी झालं. ते इथे टाका, म्हणजे जाळी उतरवावी लागेल की नुसत्या रिजनवर भागेल हे सांगतो.