सावली आहे, तरी नेचे का करपतात?

प्रश्न : आमच्या घराच्या उत्तरेकडील भिंत आणि कडुनिंबाचे झाड यांच्यामधल्या सावलीत लावलेले नेचे हिवाळ्यापर्यंत छान वाढतात, पण मे महिन्यात करपतात. येथे कोणते नेचे टिकतील? शिवाय पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसतात. तो रोग आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या नेच्यांना ऊन नव्हे, कोरडी हवा मारते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गरम वारे वाहू लागतात, तेव्हा मुळे जेवढे पाणी पुरवतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते. म्हणून पश्चिमेकडून येणारा वारा हिरव्या जाळीने किंवा दाट झुडपांनी अडवावा.

आपल्या जागेसाठी मी सर्वप्रथम नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया सुचवेन. त्याच्या मुळांवर पाणी साठवणाऱ्या गाठी असतात, त्यामुळे पाने गेली तरी तो पुन्हा फुटतो. जुन्या विटा-चुन्याच्या भिंतींवर आपोआप उगवणारा टेरिस व्हिटाटाही चिवट असून बोअरचे जड पाणी सहन करतो. ओढ्याकाठचा पावसाळी हंसराज उन्हाळ्यात दिसेनासा होतो, पण त्याचे जमिनीतील खोड जिवंत असते. तो मेला असे समजून कृपया उपटू नका.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून ती तोडते. त्यामुळे पालापाचोळ्याचे कुजलेले खत, कोकोपीट आणि जाड वाळू यांचा वीतभर उंच वाफा करावा, तोही कडुनिंबाच्या बुंध्यापासून दूर, कारण त्याची मुळे वाफ्यातली ओल ओढून घेतात. कोंब मातीखाली गाडू नये. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी मात्र घालू नका. बाष्पीभवनामुळे त्यात क्षार साठलेले असतात. करपलेली पाने पहिल्या पावसापर्यंत राहू द्यावीत, म्हणजे कोंबांवर सावली राहते.

पानांमागचे ठिपके ओळीने, एकसारखे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. नेच्यांना फुले-बिया नसतात, त्यांची पैदास यांतून होते. ठिपके विस्कळीत असतील, नखाने सहज सुटत असतील आणि पाने चिकट लागत असतील, तर ती खवले कीड समजावी व ओल्या फडक्याने पुसून काढावी.