वाचक विचारतात : निंबाच्या ढोलीवर धनेशाची जोडी

प्रश्न : आमचं वावर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. बांधावर आजोबांच्या वेळचा मोठा निंब आहे. होळी झाल्यापासून रोज सकाळी दोन राखाडी पक्षी येतात, लांब शेपटी, मोठी वाकडी चोच, आणि फांदी तुटलेल्या जागी जी ढोली झालीये तिच्यात डोकं घालून बघतात, उडून जातात, थोड्या वेळाने परत येतात. ते तिथे घरटं करतील का? ढोलीचं तोंड लहान वाटतं, थोडं मोठं करून दिलं तर चालेल का? आणि वडील म्हणतात सावलीने खालचं पीक दबतं, यंदा निंब काढून टाकू. काय करू?
— एक शेतकरी वाचक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, ही राखी धनेशाची जोडी आहे आणि तुम्ही जे सांगताय त्यावरून ती घरच बघतेय. ढोलीचं तोंड मात्र अजिबात मोठं करू नका, हे सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढे ते तोंड मादीला आतून लिंपून बंद करायचंय. जितकं मोठं कराल तितकं तिचं काम वाढेल आणि साप, घोरपड, मांजर यांना वाट मोकळी. तुम्हाला लहान वाटणारं तोंडच तिला सोयीचं असतं, ती कशीबशी आत घुसली तरी पुरे.

धनेशाची चोच एवढी दणकट दिसते पण सुतारपक्ष्यासारखं खोड पोखरणं तिला जमत नाही, म्हणून त्याला आयती ढोली लागते, आणि एवढ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली जुन्या जाड झाडातच सापडते, म्हणजे निंब, वड, पिंपळ, आंबा, चिंच. शिवारात अशी झाडं किती उरलीत ते तुम्हीच बघा. त्यात त्याच ढोलीवर पोपट, साळुंकी, पिंगळा सगळ्यांचा डोळा असतो, त्यामुळे ही जोडी रोज येऊन चौकशी करतेय त्यात नवल नाही.

आता बघायचं काय ते सांगतो. दोघांत ज्याच्या चोचीवरचं शिंग मोठं आणि गडद तो नर. तो मादीला उंबराचं नाहीतर वडाचं फळ आणून भरवतो, हे दिसलं की समजा गोष्ट पुढे सरकलीये. मादी आधी नुसती मान आत घालते, मग अर्धी जाते, बाहेर येते, दुसऱ्या झाडावरची ढोलीही बघून येते, आणि हे बरेच दिवस चालतं. या काळात कोणी खाली येऊन उभं राहिलं, फांदीवर चढलं, दगड मारला तर ती जागा सोडून देते आणि त्या मोसमात दुसरी ढोली मिळेलच असं नाही.

एकदा पसंत पडली की ती आत जाते आणि स्वतःची विष्ठा नि नराने आणून दिलेला चिखल वापरून तोंड लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते. तिचे पंखाचे आणि शेपटीचे पिसं आतच झडतात, म्हणजे कित्येक आठवडे ती उडूच शकत नाही. जळगाव-भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहितीये, पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात ती अंधारात अंड्यांवर आणि मग पिल्लांवर बसलेली असते, आणि बाहेर एकटा नर फळं, किडे, सरडे आणून त्या फटीतून देतो. त्या नराला कोणी मारलं किंवा घाबरवून लावलं तर आतलं सगळं कुटुंब उपाशी. म्हणून पोरांची गलोल या दिवसांत काढून घ्या, हे हात जोडून सांगतो.

तुम्ही लांबून बघा, विहिरीजवळून किंवा खळ्यातून, जमलं तर दुर्बीण घ्या. फोटो काढा पण जागेचं लोकेशन व्हॉट्सअॅपवर टाकू नका, गर्दी झाली की संपलं. ढोलीखाली विष्ठा आणि फळांच्या बिया पडायला लागल्या तर मादी आत बसली असं समजायला हरकत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न. सावलीने कपाशीच्या कडेच्या ओळी दबतात हे खरंच आहे, त्यांचं चुकत नाही. पण झाड काढायची गरज नाही, बाजूच्या फांद्या छाटून भागतं, आणि तेही पोळ्यानंतर करा, तोवर पिल्लं उडून गेलेली असतात. ढोली असलेलं खोड आणि तिच्या लगतची जाड फांदी तेवढी सोडा, कारण धनेश बऱ्याचदा वर्षानुवर्षं तीच ढोली वापरतो. वडिलांना हेही सांगा की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्याचं घरटं आणि अंडी यांना धक्का लावणं गुन्हा आहे, त्यामुळे ढोलीत मादी असताना कुऱ्हाड लावणं आपल्यालाच महागात पडेल.

प्रश्न : अंगणातल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीला एक छोटा हिरवा पक्षी भोक पाडतोय, खाली भुसा पडतो. छाटणी करायची होती. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा असेल तर तो तांबट, दुपारभर टुक टुक करणारा. नर-मादी दोघं मिळून कोरतात, शेवग्याचं लाकूड मऊ म्हणून त्यांना सोपं जातं, आणि भोक शक्यतो फांदीच्या खालच्या अंगाला असतं म्हणजे पाणी आत जात नाही. कधी एक भोक अर्धवट सोडून दुसरं सुरू करतात, तेव्हा रिकामं दिसलं म्हणून लगेच तोडू नका. शेंगा उतरवून झाल्यावर बाकी शेवगा खुशाल छाटा, ती एक वाळकी फांदी पावसाळ्यापर्यंत राहू द्या, आणि तिच्याखालून जाणारी कपडे वाळत घालायची दोरी तेवढी दुसरीकडे बांधा.