"ताई, मी अजून तयार नाहीये"

"मीच आत्मिकदृष्ट्या अजून तयार नाहीये, दुसऱ्याला येशूबद्दल काय सांगणार?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "मी अजून" म्हटलं की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. तरुण मुलं म्हणतात, वर्षानुवर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणारी माणसं म्हणतात, आणि एकदोन पाळकसुद्धा (चर्चचे धर्मगुरू) खासगीत म्हणालेत. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीतला मुलगा, मंडळीच्या कामात कायम पुढे. माझ्याशी बोलायला पहिल्या सेशनला आला तो एक जाडजूड फाईल घेऊन. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) कसं समजावायचं, बायबल बदललं गेलं का, जगात दुःख का आहे, प्रत्येक प्रश्नाला वेगळा कप्पा आणि खाली मुद्दे. साक्ष देण्याची, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगण्याची, दोन ट्रेनिंग झालेली. आणि तरी म्हणतो, "गेले सहा महिने प्रभूबद्दल कुणाशी एक शब्द बोलता येत नाहीये, घसाच कोरडा पडतो, तिसरं ट्रेनिंग करू का?"

आता इथे मी चुकले, ते आधी सांगून टाकते. मला वाटलं प्रार्थना कमी पडतेय, म्हणून मी त्याला टाईमटेबल दिलं, पहाटे अर्धा तास प्रार्थना, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायातली आत्मिक शस्त्रसामग्री रोज एकेक करून, एवढंच काय तर पायांतल्या सुवार्तेच्या सिद्धतेवर दोन दिवस. दोन आठवड्यांनी आला, सगळ्याला टिकमार्क, आणि घसा तसाच कोरडा. अभ्यासू माणसाला होमवर्क दिला की तो होमवर्क छान करतो, बाकी काही होत नाही, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी मी फाईल बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, शेवटचं कुणाशी बोललास? बराच वेळ गप्प बसला. मग सांगितलं. ऑफिसमधला मित्र, देवबिव न मानणारा, पण याची आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलमध्ये कितीतरी रात्री याच्यासोबत थांबलेला. मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या, याने तर सगळ्यांना सांगून टाकलेलं की प्रभू बरं करणारच. आई गेली. महिन्याभराने मित्राने साधं विचारलं, "तुम्ही एवढी प्रार्थना केलीत, मग?" आणि याने रोमकरांस 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणाचंच होतं हे वचन, म्हणून दाखवलं, मग दुःखाच्या कप्प्यातले मुद्दे, क्रमाने. मित्राने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि विषय संपला. "ताई, मी बोलत होतो आणि मला माझाच आवाज खोटा वाटत होता."

मी म्हटलं, मित्राने विचारलं ते तू देवाला विचारलंस का?

"देवाला असं कसं विचारायचं?"

म्हणजे बघा, सहा महिने हा पहाटे उठून सगळ्या जगासाठी प्रार्थना करत होता आणि जे खरं पोटात होतं तेवढं सोडून बाकी सगळं देवाशी बोलत होता. मग दुसऱ्याला त्याच देवाबद्दल सांगताना घसा कोरडा पडणारच की. ट्रेनिंगने हे कसं सुटणार?

मी त्याला बायबलमधल्या स्तोत्रांतलं, म्हणजे प्रार्थनागीतांतलं, स्तोत्र 13 उघडायला लावलं. सुरुवातीच्या दोन ओळींतच दाविदाचं "किती काळ" चार वेळा येतं. मग 88 वं, ते तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारावरच संपतं, शेवटी "तरीही मी स्तुती करीन" असलं काही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे, प्रार्थना म्हणूनच आहे. सांगितलं, साक्ष देणं सध्या बंद, ही दोन स्तोत्रं रोज मोठ्याने वाच आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोड, खरं असलेलं. (झोप, भूक, काम यांचीही चौकशी केली होती, कारण दुःख खूप खोल गेलं असेल तर डॉक्टरकडे पाठवावं लागतं, सगळ्यालाच आत्मिक म्हणून चालत नाही.) पहिले काही दिवस वाक्य सुचलंच नाही म्हणे. मग एका रात्री गाडीत काचा वर करून बसला आणि ओरडला. काय ओरडला ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही 1 पेत्र 3:15 वाचलं, जे त्याच्या फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं, "उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा". मी म्हटलं, बाबा रे, "सिद्ध असा" लिहिलंय, तू "सिद्ध करा" वाचतोयस. तो हसला, खूप दिवसांनी. आणि त्या वचनाची सुरुवात आधी आहे, ख्रिस्ताला प्रभू म्हणून अंतःकरणात पवित्र माना, म्हणजे तयारीची पहिली जागा आतली आहे, तोंड नंतर. शिवाय विचारपूस कशाची होणार, तर तुमच्यातल्या आशेची. ते पत्र छळ सोसणाऱ्या माणसांना लिहिलंय, त्यांच्याकडे बघून लोक विचारणार होते की तुम्ही अजून टिकून कसे. आणि उत्तर सौम्यतेने द्यायचं, समोरच्याचा मान ठेवून. हा भाग ट्रेनिंगमध्ये का कोण जाणे घाईत उरकतात.

आणि हे लिहितोय कोण, तर येशूचा शिष्य पेत्र. येशूला पकडल्यावर महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी एका दासीसमोर ज्याला "मी त्याला ओळखत नाही" म्हणावं लागलं तो. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो, एकदा तिथे, 18 व्या अध्यायात, आणि मग 21 व्यात तिबिर्या समुद्राच्या काठावर, जिथे येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिथे पेत्राला कुणी मुद्दे शिकवले नाहीत. जे तुटलं होतं तिथेच परत नेलं. पेंटेकॉस्टच्या सणाला पेत्राने लोकांसमोर केलेलं भाषण त्याच्यानंतरचं.

मग काय करायचं ते त्यालाच कळलं. मित्राकडे गेला आणि म्हणाला, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी लेक्चर दिलं, सॉरी, मला उत्तर माहीत नव्हतं आणि अजूनही नाही.

या गोष्टीवरून अभ्यास फालतू असतो असा अर्थ कुणी काढू नका, लोक काढतात. प्रेषितांची कृत्ये 18 मधला उपदेश करणारा अपुल्लोस शास्त्रात चांगला तरबेज होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला जवळ घेऊन आणखी नीट समजावलंच ना. फाईल त्याने ठेवलीये, मीच म्हटलं ठेव. फक्त सोबत एक सराव केला: स्वतःची गोष्ट तीन मिनिटांत सांगायची आणि त्यात तारण, अभिषेक, नवा जन्म असे मंडळीत रुळलेले शब्द न वापरता. पहिल्यांदा चाळीस सेकंदांत गाडी थांबली. मार्क 5 मधल्या गरसेकरांच्या मुलखातल्या, भुतं लागलेल्या माणसाला बरं करून येशूने घरी पाठवलं ते एवढंच सांगायला, की प्रभूने तुझ्यासाठी काय केलं आणि तुझ्यावर कशी दया केली. तो बिचारा नावेत बसून सोबत यायला बघत होता.

मित्राने नंतर एकदा स्वतःहून विचारलं, "म्हणजे तू चिडलायस आणि तरी बोलतोस त्याच्याशी?" हा म्हणाला, हो, रोज. मित्र म्हणाला, विचित्र आहे. मग तासभर दोघं आईबद्दलच बोलत बसले.

त्याच रात्री मला मेसेज आला, ताई त्याला वाचायला काय देऊ. मी म्हटलं, त्याने मागितलंय का? हो म्हणाला. मग मार्काचं शुभवर्तमान दे, सोळाच अध्याय आहेत, आणि वाचलंस का म्हणून मागे लागू नकोस. दिलंय. मित्राने अजून उघडलेलं नाहीये, आणि हा विचारतही नाहीये, असं परवा कळलं.