साहेबाला धरलंय कशाला?

प्रश्न : सर, माझ्या मुलीनं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधून एका चित्राची प्रत आणली. तुर्की सुलतानाच्या दरबारात एक गोरा साहेब उभा आहे आणि दोन्ही बाजूंनी त्याचे दंड धरलेत. बर्डीवर फ्रेम करायला दिली, तर फ्रेमवाला म्हणाला, "चोरी केली असंन बापा यानं!" मागं 'काल्कून, १७२७' असं लिहिलंय. साहेब कैदी आहे का? आणि त्याच्या अंगावरचा झगा कसला?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या फ्रेमवाल्याची नजर पक्की आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. हा साहेब कॉर्नेलिस काल्कून, हॉलंडचा वकील. (वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, पेशवाईतला.) इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तिसऱ्या अहमद सुलतानाला तो पहिल्यांदा भेटला, तो हा प्रसंग. परक्या माणसाला सुलतानासमोर नेताना दोन्हीकडून धरूनच न्यायचं, हा तिथला रिवाज. त्याचं मूळ १३८९ साली पहिल्या मुराद सुलतानाचा खून झाला त्यात आहे, असं सांगतात. पाहुण्याला मान आणि यजमानाला निर्धास्ती, एकाच पकडीत दोन्ही.

झगा त्याचा स्वतःचा नाही, दरबारानं दिलेला आहे. तुर्की शब्द 'हिलत', म्हणजे आपल्या बखरींतली खिलत! ज्या दालनात तो उभा आहे त्याचं नाव 'अर्ज ओदासी', अर्जाची खोली. वजीर, दिवाण हे शब्दही तिथे भेटतील. मला तर हे वाचताना आपल्या महालातच फिरल्यासारखं वाटलं होतं.

चित्रकार झां-बाप्तिस्त व्हानमूर. १६९९ साली फ्रेंच वकिलाबरोबर इस्तंबूलला आला आणि १७३७ मध्ये तिथेच वारला. वकील बदलत, पण हा तिथेच. त्यामुळे त्याचा एक साचाच ठरून गेला : तेच दालन, तोच छताखाली बसलेला सुलतान, फक्त मधला साहेब नवा. फ्रेंच वकिलांसाठी केलेली अशी चित्रं आहेत, ती तुमच्या प्रतीशेजारी ठेवली तर हसू येईल. तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पोरांनी साचा वापरला की मी कान धरायचो. व्हानमूरला मात्र त्याचे पैसे मिळत!

मुलीला सांगा, याच्या आधीच्या प्रसंगाची प्रतही मागवून घे. राजवाड्याच्या दुसऱ्या चौकात जमिनीवर पुलावाच्या थाळ्या मांडल्यात आणि जानिसारी शिपाई त्यांवर झेपावताहेत. ही भुकेची धावपळ नव्हे. त्यांनी अन्न घेतलं की फौज राजी आहे. थाळीला हात लावला नाही, तर बंड आलं समजायचं. वकिलाच्या डोळ्यांदेखत हे मुद्दाम घडवत. पुढे १७३० साली खरंच बंड झालं, सुलतान गादीवरून गेला, वजीर इब्राहिम पाशा मारला गेला. व्हानमूरनं त्या बंडाचा म्होरक्या पात्रोना हलील याचंही चित्र काढलं. गिऱ्हाईक कुणीही असो!

दरबाराच्या लेखी हा देखावा परक्याला नमवण्याचा. पण चित्र मागवलं काल्कूननं, आणि ते मायदेशी नेलं मानाची निशाणी म्हणून. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दरबारात १७९० चा तह करणाऱ्या इंग्रजांच्या वकिलानं, चार्ल्स मॅलेटनंही हेच केलं. त्याचं चित्र थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पुरं केलं, आणि तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. हा वेल्स पुण्यात पोचला तो तह होऊन गेल्यावर! त्याची मुलगी पुढे मॅलेटचीच बायको झाली, तेव्हा सासरेबुवांनी जावयाला कसा रुबाबदार बसवला असेल ते बघा.

फ्रेमला साधी काच लावू नका, ट्यूबलाइटची चमक नेमकी सुलतानाच्या तोंडावर येते. आणि फ्रेमवाल्याला एवढं सांगा, की चोरी नाही केली, झगा मिळाला.