पावसाळ्यात फ्लॅटच्या गॅलरीत कपडे दोरीवर कसे वाळत घालावेत, म्हणजे कुबट वास येणार नाही?

वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिला की. म्हणजे उन्हाची वाट बघण्यापेक्षा कपड्याला वारा कसा मिळेल ते बघायचं.

मशीन थांबलं की लगेच कपडे काढा. प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून फट् आवाज येईपर्यंत झटका. सुरकुत्या तिथेच निम्म्या जातात. (खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत नाहीत ना, एवढं आधी बघा.)

खरी डोकेदुखी जीन्सची. बाकी सगळी वाळते, पण खिसे आणि कमरेचा पट्टा दुसऱ्या दिवशीही गारच लागतात. म्हणून ती उलटी करायची, खिशांची अस्तरं बाहेर लोंबू द्यायची आणि दोन समांतर दोऱ्या असतील तर पट्ट्याची पुढची बाजू एका दोरीला, मागची दुसरीला चिमट्याने अडकवायची. तोंड उघडं राहतं, वारा थेट पायांत शिरतो.

चादरीलाही हीच युक्ती: दोन कडा दोन दोऱ्यांवर, मध्ये झोळी. एकाच दोरीवर चौघडी टाकली की आतले पदर ओलेच.

शर्ट हँगरवर. टी-शर्टला खांद्यावर चिमटा लावू नका, तिथे टोक उठतं. खालच्या शिवणीला लावा. लोकरीचा स्वेटर टांगूच नका, पाण्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो.

एवढं करूनही जागा बंदिस्त असेल तर दोरीखाली टेबल फॅन लावा.