गणपतीआधी येणारा स्वस्त कन्सोल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: साडेतीन हजारांत टीव्हीला जोडायचा नवा गेम कन्सोल गणपतीआधी येणार, अशी जाहिरात मोबाईलवर सारखी दिसते. ५०० रुपये भरून आत्ताच नोंदणी केली तर दुसरा कंट्रोलर फुकट म्हणे. मुलगा रोज मागे लागलाय. भरू का पैसे?
– एक पालक, देवगड

उत्तर: नका भरू. माल दुकानात किंवा वेबसाइटवर ‘आज पाठवतो’ अशा स्थितीत आला की मग बघा. स्वस्त कन्सोल आणि आगाऊ पैसे या जोडीचा इतिहास काही चांगला नाही. २०१२ साली अमेरिकेत औया नावाच्या ९९ डॉलरच्या कन्सोलसाठी लोकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर सुमारे ८६ लाख डॉलर आधीच भरले. तो निदान जून २०१३ मध्ये दुकानांत तरी आला. पण खास त्याच्यासाठी बनवलेले गेम मोजकेच, आणि कंट्रोलरची बटणं वरच्या पट्टीत अडकत. जून २०१९ मध्ये त्याचा सर्व्हर बंद पडला तेव्हा पैसे देऊन घेतलेले काही गेमही उघडेनासे झाले. इंटेलिव्हिजन अमिको या दुसऱ्या कन्सोलची तारीख जाहीर झाली होती १० ऑक्टोबर २०२०. मग ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि नोंदणी करणारे वाट बघतच राहिले.

कंपनी खरी आहे का, हे बघायची एक साधी युक्ती आहे. भारतात विकायच्या व्हिडिओ गेमला आणि त्याच्या ॲडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. तो कंपनीकडे मागा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. कंपनीचं नाव आणि वस्तू दोन्ही जुळली पाहिजेत. मोबाईल चार्जरचा क्रमांक कन्सोलवर छापलेला असेल तर समजून जा. महिन्याभरात माल येणार म्हणणाऱ्याकडे आज क्रमांक नसेल तर गणपतीही विसरा. आधीच पैसे भरून बसला असाल आणि परत मिळत नसतील, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

प्रश्न: अशा कन्सोलच्या डब्यात ‘फोरके’ आणि ‘दहा हजार गेम’ कसे मावतात?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर: मावतात, कारण गेम चिमुकले असतात. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अवघा ४० किलोबाइटचा. असे दहा हजार गेम ४०० एमबीत बसतील. शिवाय त्या यादीत एकच गेम पाच नावांनी असतो आणि बरेचसे परवान्याशिवाय भरलेले असतात. ‘फोरके’ म्हणजे डबा टीव्हीला तेवढा सिग्नल देतो, इतकंच. जुन्या गेमचं मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ते ताणून मोठं केलं म्हणून त्यात नवीन काही दिसत नाही.

खरी मेख मेमरी कार्डात. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड आतून ८ जीबीचं निघतं, किंवा दोन महिन्यांत बंद पडतं. डबा आला की पहिल्याच दिवशी, खेळायच्या आधी, कार्ड काढून संगणकावर विन३२ डिस्क इमेजर नावाच्या प्रोग्रॅमने त्याची पूर्ण प्रत घ्या. मग नामांकित कंपनीचं नवं कार्ड बिलासकट आणून ते एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासा. ६४ जीबीला तास-दीड तास लागतो. शेवटी एकही चूक न दाखवता तपासणी संपली तरच त्यावर प्रत उतरवा. मूळ कार्ड पाकिटात घालून ठेवून द्या. नवं कार्ड मूळ कार्डापेक्षा काही एमबीने जरी लहान निघालं तरी प्रत उतरत नाही, म्हणून पुढच्या मापाचं, मोठं कार्ड घेतलेलं बरं.

प्रश्न: घरी जुना डबा टीव्ही आहे, पिवळी-पांढरी-लाल पिनवाला. चालेल?
– गुहागर

उत्तर: चालेल. एचडीएमआयवरून एव्हीत बदलणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल. उलट्या दिशेचा, एव्हीवरून एचडीएमआयचा, दिसायला हुबेहूब तसाच असतो आणि दुकानदारही चुकून तोच देतो. ज्याच्या एका बाजूला तीन रंगीत भोकं आहेत आणि तिथे ‘आउटपुट’ लिहिलंय, तोच उचला. त्याला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. चित्र काळं-पांढरं दिसलं तर कन्व्हर्टरवरचं पाल-एनटीएससी बटण फिरवा. बारीक अक्षरं मात्र पुसटच दिसणार. पळापळीचे गेम मजेत होतात, वाचायचे होत नाहीत.

प्रश्न: गेल्या वर्षी विजेने शेजाऱ्यांचा टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही गेले. कन्सोल वाचवायला कुठला स्पाइक गार्ड घ्यावा?
– कुडाळ

उत्तर: गार्डच्या आधी अर्थिंग बघा. गार्डमधला भाग जादा व्होल्टेज अर्थच्या तारेत सोडून देतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मग दोन हजारांचा गार्डही अर्धंमुर्धंच काम करतो. तार असली तरी आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळाभर ओल राहत नाही आणि अर्थिंग कमजोर पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या आणि मार्च ते मे खड्ड्यात पाणी घालत जा.

दुसरं, वीज फक्त लाइटच्या तारेतून येत नाही. डिशच्या केबलमधून सेटटॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही, आणि टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने कन्सोल, अशी ती फिरते. प्लग काढला तरी डिशची केबल लागलेलीच असते, आणि नुकसान बहुतेक तिथूनच होतं. मृगाआधी आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की तिन्ही काढायचं: प्लग, डिशची केबल, कन्सोलची एचडीएमआय. वीज डोक्यावर आल्यावर हात लावू नका, हे आधीच करून ठेवायचं.

तिसरं, लाइट गेली की बटण बंद करा आणि आल्यावर पाचेक मिनिटं थांबा. खांबावर न्यूट्रल सैल असेल तर एका फेजच्या घरात ३०० व्होल्टच्या वरही जातं. बहुतेक ॲडॅप्टर २४० पर्यंतचे असतात.

प्रश्न: खाऱ्या हवेने रिमोटच्या सेलच्या पट्ट्या हिरव्या होतात. कन्सोलचं काय?
– मालवण

उत्तर: तेच होणार. आधी एचडीएमआय आणि यूएसबीच्या पिना काळवंडतात, चित्र मधूनच जातं आणि माणूस डबा बिघडला समजतो. केबल आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. नाही भागलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक ब्रशने लावून, वाळू देऊन मग जोडा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास डबा चालू ठेवा. आतली ओल त्या उबेने जाते. वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चालू असताना प्लास्टिक किंवा क्रोशाचा रुमाल मात्र वर नको. कंट्रोलरमधले सेल खेळ झाला की काढायचेच.

प्रश्न: गणपतीत मुंबयसून पोरां येतली. चार जणांक एकदम खेळूक गावात काय?
– वेंगुर्ला

उत्तर: अशा डब्यांत बहुधा दोघांचीच सोय असते. यूएसबी हब लावून चार कंट्रोलर जोडता येतात, पण चौघांचे गेम त्यात मोजकेच. त्यापेक्षा हरला तो उठला, हा नियम लावा. डबा टीव्हीमागे लपला की बिनतारी कंट्रोलर अडखळतात. एक फुटाची एचडीएमआय एक्स्टेन्शन केबल लावून तो पुढे आणा. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारत असेल तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. आणि डबा टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. त्यातून बऱ्याचदा अर्धाच अँपिअर मिळतो, डब्याला एक-दोन लागतात, आणि नेमका शेवटच्या टप्प्यावर तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर आणि आखूड, जाड केबल लावा.