चारा, इंधन आणि माती: तिन्ही एकाच गवतातून साधतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उताराची, वरची माती वाहून गेलेली जमीन आहे, धान्याचं पीक तिथं धड येत नाही. गवत लावलं तर जनावरांना चारा, ऊर्जेसाठी कच्चा माल आणि जमिनीची राखण असं तिन्ही एकदम मिळेल का?

एकाच जमिनीवर मिळेल, एकाच कापणीत मिळणार नाही. मी बरीच वर्षं चारापिकांच्या कामात आहे. कोणतं गवत लावू, हे लोक हिरिरीनं विचारतात. कधी कापू आणि किती ठेवू, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

आधी चाऱ्याचं बघू. गवताचा वाढीचा शेंडा सुरुवातीला जमिनीलगत, पानांच्या वेढ्यात दडलेला असतो. म्हणून वरचं पातं खाल्लं गेलं तरी ते खालून पुन्हा वाढतं. कांडी धरायला लागली की हा शेंडा वर चढतो. गवत पोटरीत आलं, निसवलं, की पानांचं प्रमाण घटतं, काड्यांचं वाढतं, पेशींच्या भिंतीत लिग्निन (काडीला लाकडासारखं कडक करणारा, न पचणारा पदार्थ) साठतं आणि प्रथिनं उतरत जातात. सुक्या वजनात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (गाई-म्हशींच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, जिथं चारा आंबतो) सूक्ष्मजीवांना नत्र पुरत नाही. चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणंच कमी करतं. समोर वैरणीचा ढीग असूनही ते उपाशी राहतं. दुभत्या जनावरांसाठी नेपिअरसारखं गवत म्हणूनच कोवळं, पोटरीच्या आधी कापायचं. उंच वाढू दिलं तर वजन जास्त भरतं हे खरं, पण ते वजन दुधात उतरत नाही.

वजनाच्या बाबतीत अजून एक फसगत होते. कोवळ्या हिरव्या नेपिअरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. १० किलो हिरवा चारा म्हणजे जेमतेम २ किलो कोरडा भाग. त्यामुळे हेक्टरी किती टन निघेल असं कुणी सांगितलं, तर ते हिरवं की सुकं हे आधी विचारा. मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा) करायचा असेल तर कापलेलं गवत सुकवून कोरडा भाग ३० टक्क्यांवर आणायचा, बारीक कुट्टी करायची, उष्ण भागातल्या गवतांत साखर कमी असते म्हणून थोडी मळी घालायची आणि दाबून हवा काढायची. नुसत्या नेपिअरवर जनावरं ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट नावाचं क्षार कॅल्शियमला बांधून ठेवतं, मग ते जनावराला मिळत नाही. सोबत द्विदल चारा हवाच.

ऊर्जेसाठी हे सगळं उलटं होतं. जाळायला हवं ते पिकलेलं, वाळलेलं, काडीचं गवत. सुक्या गवताच्या एका किलोत साधारण १७-१८ मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या जवळपास. ओलं जाळलं तर त्यातली बरीचशी पाणी उडवण्यातच जाते. कोवळ्या गवतात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असतं. त्यानं राख लवकर वितळते, भट्टीत खंगर जमतो आणि बॉयलरच्या नळ्या गंजतात. म्हणून ऊर्जेचं गवत उभ्या उभ्या वाळू देतात. त्या काळात पानांतला बराचसा नत्र आणि पोटॅश जमिनीखालच्या कंदांत परत जातो, उरलेलं काही पावसानं धुऊन निघतं.

याचं सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे मिस्कँथस हे उंच वाढणारं गवत. १९३५ मध्ये अक्सेल ओल्सेन यांनी जपानमधल्या योकोहामाहून त्याचा एक संकर डेन्मार्कला नेला. तो वांझ आहे, बी धरत नाही, कंदाच्या तुकड्यांनी लावावा लागतो. पूर्ण उत्पन्न साधारण तिसऱ्या वर्षापासून येतं, मग तो १५-२० वर्षं टिकतो. युरोपात तो हिवाळा संपताना कापतात, तेव्हा उभे वाळलेले दांडेच उरलेले असतात. तो भारा जनावरापुढे टाकून काही उपयोग नाही.

गवतापासून इथेनॉल करण्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विचग्रास हे तिथलं मूळचं गवत त्यासाठीचं नमुना पीक म्हणून निवडलं गेलं. २००७ च्या कायद्यात सेल्युलोजपासून (पेशींच्या भिंतीतला तंतुमय भाग) २०२२ पर्यंत वर्षाला १६ अब्ज गॅलन इंधनाचं लक्ष्य होतं. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या आसपासही गेलं नाही. गवत पिकवणं अवघड नव्हतं. लिग्निनच्या जाळ्यात अडकलेला सेल्युलोज परवडेल अशा खर्चात मोकळा करणं अवघड निघालं. एकट्या शेतकऱ्यानं या आशेवर जमीन गुंतवू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

बायोगॅस मात्र वेगळा. तिथं जंतू तेच काम करतात जे कोठीपोटात चालतं, त्यामुळे त्यांनाही कोवळं गवतच लागतं. म्हणजे गॅसचा खड्डा थेट जनावराच्या तोंडचा घास मागतो. माझ्या मते क्रम ठरलेला असावा: गवत आधी जनावराला, शेण गॅसला, स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला) परत गवताला. गॅस थोडा कमी मिळेल, पण एकाच पात्यातून दूध आणि चूल दोन्ही निघतील. शिवाय गॅस होताना कर्ब जातो, नत्र-स्फुरद-पोटॅश स्लरीत राहतात. जाळलं तर नत्र धुराबरोबर गेला, हातात फक्त राख.

यातला नत्राचा हिशेब लोक करत नाहीत, म्हणून आकड्यात सांगतो. प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असतो. १० टक्के प्रथिनांचा १ टन सुका चारा शेतातून बाहेर गेला की १६ किलो नत्र गेला. हेक्टरी १० टन नेलात तर १६० किलो, आणि पोटॅश बहुतेकदा त्याच्या बरोबरीनं किंवा जास्त. गवताला खत लागत नाही हा समज इथेच मोडतो. जनावर शेतातच चरलं तर बराचसा भाग शेणामुतातून परत पडतो. कापून नेलं आणि विकलं, तर जमीनच थोडी थोडी विकली जाते. गवतात तिसरा हिस्सा द्विदल असेल (लसूणघास, स्टायलो, दशरथ, जे तुमच्या हवामानात टिकेल ते) तर नत्राची बरीच भरपाई होते आणि चाऱ्याची प्रतही सुधारते. पोटॅश-स्फुरद मात्र शेणखतातून किंवा स्लरीतून परत द्यावाच लागतो.

आता मातीचं, आणि तुमच्या उतारावर हेच पहिलं असायला हवं. मोठा पावसाचा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगानं येतो. उघड्या मातीवर तो आदळला की कण सुटतात, बारीक कणांनी छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहू लागतं. गवताचं पातं तो मार झेलतं, बुडखे पाण्याचा वेग मोडतात, मुळं कणांना धरून ठेवतात. पण मुळांची ताकद वरच्या पानांवर चालते. अमेरिकेच्या मृदसंधारण विभागातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ जवळजवळ तशीच चालू राहते. ८० टक्के काढला की ती पूर्ण थांबते, तीही बरेच दिवस. खुरटून चरलेल्या कुरणात माती का वाहते, याचं उत्तर त्यात आहे. वर हिरवं दिसतं, खाली मुळं मरत असतात.

उतारावर समतल रेषेत वाळ्याच्या दाट ओळी लावा. १०-१५ सेंटीमीटरवर एकेक ठोंब. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी ही पद्धत पुढे आणली. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत ३ मीटरपर्यंत, त्यामुळे शेजारच्या पिकाशी ओढाताण कमी होते. ओळीमागे गाळ साठत जातो आणि हळूहळू पायऱ्या तयार होतात. वाळ्याचं पान फक्त कोवळं असताना जनावरं खातात. ती उणीव मानू नका, त्यामुळेच ओळ टिकते. लावण मात्र बी न धरणाऱ्या प्रकाराची करा.

म्हणून मी जमीन तीन भागांत पाहीन. सगळ्यात तीव्र उतार आणि ओघळी: कायमचं गवत, वाळ्याच्या ओळी, चराई बंद. मधला उतार: मिश्र गवत आणि द्विदल, कुंपण घालून छोट्या कप्प्यांत आळीपाळीनं चराई, निम्मं खाल्लं की जनावर पुढच्या कप्प्यात. सपाट, पाणी धरणारा तुकडा: कापणीचं नेपिअर, शेणाची स्लरी त्यालाच. ऊर्जेसाठी वेगळं पीक मी तुमच्या जागी लावणार नाही. वाळून कडक झालेलं, जनावर नाकारतं ते गवत आच्छादनाला वापरा, उरलंच तर जाळायला.

एक गोष्ट आवर्जून. तुमच्या जमिनीतल्या काही भागात जुनं, न नांगरलेलं गवत असेल तर तिथं नांगर घालू नका. जुन्या गवताळ जमिनीतला कर्ब नांगरटीनं हवेत जातो, आणि नंतर लावलेल्या ऊर्जापिकाला तो भरून काढायला अनेक वर्षं, कधी अनेक दशकं लागतात. २००८ मध्ये यावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी जैवइंधनाची चर्चाच बदलली. तिथल्या वनस्पतींची विविधताही खत घालून परत येत नाही. इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला १८५६ पासून चाललेल्या कुरणाच्या प्रयोगात बिनखताच्या तुकड्यांवर डझनांनी जाती आहेत, भरपूर नत्राच्या तुकड्यांवर मोजक्याच. बाहेरचं जोमदार गवत आणतानाही जपा. अंजन गवत चारा म्हणून उत्तम आहे, पण ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात ते इतकं पसरलं की तिथं वणव्यांचा धोका वाढला.

नव्या लागवडीत जनावर कधी सोडायचं, तर हातानं ओढून बघा. दोन बोटांत पातं धरून जनावरासारखा हिसका द्या. पातं तुटलं आणि ठोंब जागेवर राहिला, तर सोडा. मुळासकट वर आलं, तर अजून थांबा, आणि तोवर वैरण बाहेरून आणा.